मदत हवी आहे: दिल्लीत हॉस्टेल असे कसे निवडावे, की सोबतही मिळेल आणि झोपही?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, वय सत्तावन्न, नुकतीच बँकेतून निवृत्त झाले आहे. फेब्रुवारीत आठवडाभर एकटीने दिल्ली पाहण्याचा बेत आहे. नातेवाइकांकडे उतरायचे नाही आणि हॉटेलच्या खोलीत टीव्हीसमोर एकटीने जेवायचेही नाही, हे ठरल्यामुळे बॅकपॅकर हॉस्टेलचा विचार करते आहे.

अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत झोपण्याचे मला वावडे नाही. पंचवटीत वाढल्यामुळे धर्मशाळेच्या एकाच दालनात चार प्रांतांतल्या यात्रेकरूंच्या पथाऱ्या पसरलेल्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. फक्त तिथे नऊ वाजता दिवे मालवले जात. माझी अडचण नेमकी तीच आहे. ज्या हॉस्टेलविषयी ‘इथे ओळखी पटकन होतात’ असे लोक लिहितात, त्याच्याच रिव्ह्यूंमध्ये रात्री दीडपर्यंत गच्चीवर गिटार वाजत असल्याची तक्रारही सापडते. आणि जिथली शांतता वाखाणलेली असते, तिथे कॉमन रूममध्ये सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये डोके घालून बसलेले असतात, असे दिसते. माझी झोप फार सावध आहे. शेजारच्या बंकवर (एकावर एक असलेल्या खाटांपैकी एकीवर) कोणी प्लॅस्टिकची पिशवी उघडली तरी मला जाग येते.

तेव्हा बुकिंग करण्यापूर्वी हॉस्टेलचे वातावरण कसे ओळखावे? माझ्या वयाच्या बाईला पंचविशीच्या घोळक्यात अवघडल्यासारखे होते का? शिवाय राजधानीने संध्याकाळी नाशिकरोडहून निघाले, की सकाळीच हजरत निजामुद्दीनला पोहोचणार. दुपारच्या चेक-इनपर्यंत सामानाचे काय करावे?

आधी आपल्याच गावात एक रात्र राहून सराव करावा, असेही मनात आले होते. परंतु त्याच शहराचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर बरीच हॉस्टेले डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक खाटांच्या सामाईक खोलीत, प्रवेश देत नाहीत असे समजले, त्यामुळे आता थेट दिल्लीच.

प्रतिसाद १

ताई, एकूण गुणांपेक्षा रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा वयोगट पाहावा. हॉस्टेलवर्ल्ड या हॉस्टेल बुकिंगच्या संकेतस्थळावर तो दिलेला असतो आणि वातावरणाला स्वच्छता, सुरक्षितता यांच्याप्रमाणे वेगळे गुणही असतात. तिशी-चाळिशीपुढच्या लोकांनी वातावरणाला चांगले गुण दिले असतील, तर ती जागा तुमच्या कामाची.

त्यानंतर छायाचित्रांवरून कॉमन रूम आणि डॉर्म यांमधले अंतर ताडून पाहावे. कॉमन रूम तळमजल्यावर आणि डॉर्म दोन मजले वर असेल तर गाणीबजावणी खालीच राहतात. डॉर्म गच्चीच्या लगेच खाली असेल, तर फलकावर शांततेची वेळ अकराची लिहिलेली असली, तरी खुर्च्या ओढल्याचे आवाज डोक्यावर येतातच.

मुख्य म्हणजे फोन करून एकच प्रश्न विचारावा: लोक एकत्र कधी येतात? रात्रीचे जेवण एका टेबलावर असेल किंवा सकाळी हॉस्टेलतर्फे पायी फेरी निघत असेल, तर ओळखी आपोआप आणि वेळेत होतात. गच्चीवरचा कॅफे हेच एकमेव आकर्षण असेल, तर तिथे रंग दहानंतर भरतो, आणि त्या वेळी तुम्ही झोपायला निघालेल्या असाल.

प्रतिसाद २

मी काही वर्षे एका हॉस्टेलच्या रिसेप्शनवर काम केले आहे, म्हणून थोडी भर घालतो. वयाविषयी आधी नक्की विचारा, कारण काही ठिकाणी डॉर्मसाठी वयाची वरची मर्यादा असते आणि ती नियमांच्या यादीत तळाशी लिहिलेली असते. अवघडलेपणाचे म्हणाल, तर आमच्याकडे ज्येष्ठ पाहुणे आले, की तरुण मुलेच त्यांच्याभोवती जमत. विशेषतः ज्यांनी घरून खाऊ आणलेला असे त्यांच्याभोवती!

सामान रिसेप्शनवर ठेवून घेण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. लॉकरसाठी कुलूप मात्र स्वतःचे न्यावे आणि त्याची कडी बारीक असावी, कारण जाड कडी पुष्कळ लॉकरच्या भोकातून जातच नाही. ओळखपत्र म्हणून पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधार किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. महिलांच्या डॉर्ममध्ये दारापासून दूरचा खालचा बंक बुकिंग करतानाच मागून घ्यावा. पडदा असलेला बंक मिळाला तर उजेडाचा त्रास टळतो, पिशव्यांच्या आवाजावर मात्र कानात घालायचे बोळेच हवेत. पहाटेच्या विमानासाठी सामान आवरणारे कोणी ना कोणी रोज असतेच.

एक पर्याय सुचवतो. चाणक्यपुरीत युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचे हॉस्टेल आहे. नावात ‘युथ’ असले, तरी सभासद होण्यास वयाची वरची अट नाही. तिथे शांतता अधिक, गप्पांची मैफल कमी.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एकत्र जेवणाची चौकशी करण्याचे मला सुचलेच नसते. शेवटची शंका: पहाडगंज नवी दिल्ली स्थानकाला आणि मेट्रोला लागून आहे, म्हणून तिथलेच हॉस्टेल घ्यावे, की दक्षिण दिल्लीतील एखाद्या निवासी वस्तीतले?

प्रतिसाद २

सावध झोपेसाठी दक्षिण दिल्ली, मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल असे. पहाडगंजच्या मुख्य बाजारात रिक्षांचे हॉर्न रात्री उशिरापर्यंत थांबत नाहीत. तो भाग पाहायचाच असेल, तर पूर्वी रस्त्यावर राहिलेले तरुण सलाम बालक ट्रस्टतर्फे तिथे पायी फेरी घडवतात. दिवसा तेवढ्यासाठी जाऊन यावे आणि मुक्कामाला परत यावे.