मदत हवी आहे: जपानी गिऱ्हाईक सवलत घेत नाही, 'कारण' मागतंय. काय लिहू?

वेंगुर्ल्याची_बी

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमची काजू फॅक्टरी आहे. फॅक्टरी म्हणजे एक बॉयलर, कटिंगची मशिनं, दोन ड्रायर आणि तीसेक बायका. धंदा बाबांचा. तीन वर्षांपूर्वी मी पुण्याची नोकरी सोडून आले, तेव्हापासून ईमेल, बँक आणि कागदपत्रं माझ्या गळ्यात. आजवर आमचा माल गोवा, कोल्हापूर आणि वाशीला जायचा. यंदा पहिल्यांदा जपानला गेला. ट्रायल ऑर्डर होती, २० कार्टन, प्रत्येकी २२.६८ किलो (म्हणजे ५० पौंड), ग्रेड डब्ल्यू २४०. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पौंडाला २२० ते २४० अख्खे गर बसतात ती ही ग्रेड.

मेमध्ये त्यांचा ईमेल आला. सोबत फोटो. पांढऱ्या कागदावर काहीतरी तपकिरी, गोल, बारीक देठ असलेलं, शेजारी पट्टी ठेवलेली. ६ मिलिमीटर. कार्टन नंबर, पाऊच नंबर, सापडल्याची तारीख आणि वेळसुद्धा. खाली एकच ओळ: हे काय आहे आणि आत कसं गेलं ते कृपया कळवावं.

बाबांनी लगेच माफी मागायला लावली आणि बिलात ५ टक्के सवलत देऊ केली. उत्तर आलं, आभारी आहोत, कारण कळवावं. बाबा म्हणाले, कमी वाटली असेल, ८ कर. केलं. पुन्हा तेच, आभारी आहोत, कारण कधीपर्यंत कळेल? आता बाबा भडकलेत. "पैसे सोडायला तयार आहे, आणखी काय त्यांचे पाय धरू?"

दुसरी भानगड अशी की, मालाच्या आधी व्हिडिओ कॉल झाला होता. बाबांनी पुढच्या ऑर्डरचा आकडा सांगितला. समोरचा माणूस प्रत्येक वाक्याला "हाय, हाय" करत मान हलवत होता. बाबांनी ते पक्कं धरलं आणि त्या भरवशावर काजूची कच्ची बी जास्त भरून ठेवली. ऑर्डर अजून आलेली नाही.

तिसरी म्हणजे त्यांचा माणूस फॅक्टरी बघायला यायचं म्हणतोय आणि त्याने दिलेल्या तारखा नेमक्या चतुर्थीच्या. बाबांनी कळवलं, "या, कधीही या." अहो, तेव्हा फॅक्टरीला कुलूप असतं! गौरी-गणपती जाईपर्यंत एकही बाई फिरकत नाही. पण पाहुण्याला 'येऊ नका' कसं म्हणायचं, म्हणून मीही गप्प बसले.

जपान्यांबरोबर काम केलेलं कुणी आहे का इथे? त्या ईमेलला काय उत्तर देऊ?

खाडीकाठ

साडेचारशे किलो मालासाठी एवढं नाटक? वाशीला टाका आणि मोकळ्या व्हा. तिथे कोणी पट्टी लावून मोजत नाही.

वेंगुर्ल्याची_बी

वाशीला पट्टी लावत नाहीत, पैसेही तीन-तीन महिने लावत नाहीत. यांनी ठरलेल्या दिवशी भरले. फोटोचा ईमेल आला त्याच आठवड्यात, एक पैसा न कापता.

एक_चाकरमानी

चाकणला जपानी कंपनीत अकरा वर्षं आहे, मूळ गाव कुडाळकडे. त्यामुळे तुमचे बाबाही कळतात आणि ते लोकही.

आधी सवलतीचं. ती ताबडतोब थांबवा. आपल्याकडे चूक झाली की भरून दिलं, विषय संपला. मन मोठं दाखवलं असं आपल्याला वाटतं. त्यांना वाटतं की हा माणूस कारण न शोधता पैसे वाढवतोय, म्हणजे एकतर याला कारण माहीत नाही किंवा लपवायचंय. दोन्हींचा अर्थ पुढच्या मालातही हे निघणार. ५ चे ८ केलेत तेव्हा शंका वाढली असणार.

त्यांना दोन गोष्टी हव्या असतात. 'गेनइन' म्हणजे कारण आणि 'ताइसाकु' म्हणजे ते पुन्हा होऊ नये म्हणून केलेली तजवीज. आमच्याकडे स्क्रू सैल निघाला तरी हा कागद होतो. रीत अशी की, 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा 'का'. टोयोटामुळे गाजलेली पाच वेळा 'का' विचारायची पद्धत तीच. पाच म्हणजे पाचच असं नाही, पण दुसऱ्या 'का'ला थांबलात तर ते ओळखतात.

एक सांभाळा. कुणाच्या हातून झालं त्या बाईचं नाव लिहू नका. ते 'कोण' विचारत नाहीत, 'कसं' विचारतायत. "संबंधित कामगाराला समज दिली आहे" हे आपलं लाडकं वाक्य तर अजिबात नको. ते वाचून माझे साहेब हताश होतात. समज दिल्याने यंत्रणेत काय बदललं, असं विचारतात.

'हाय' म्हणजे 'ऐकतोय, पुढे बोला'. आपण फोनवर "हां, हां" करतो तसं. होकार लेखी ऑर्डर आली की समजायचा. तसंच 'केंतो शिमासु' म्हणाले, म्हणजे 'विचार करतो', तर बहुतेक वेळा नकार. 'मुझुकाशी', म्हणजे 'अवघड आहे', तर नक्की नकार. आपल्याला हे कळायला खरं तर जड जाऊ नये. गावात देवळाच्या वर्गणीला कुणी "बघूया" म्हणाला की आपण दुसऱ्यांदा जातो का त्याच्याकडे?

चतुर्थीचं आजच कळवा. त्यांच्याकडे ऑगस्टच्या मध्याला ओबोन असतो. पूर्वज घरी येतात असं मानतात, अर्धा देश गावाला जातो, कारखाने बंद. तुमची अडचण त्यांना चटकन कळेल. हजार कोस येऊन कुलूप बघितलं तर मात्र तो तुमच्यासमोर हसून परत जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही.

मसकत_रिटर्न

मी बारा वर्षं आखातात मसाल्याच्या धंद्यात होतो. तिथे तुमच्या बाबांची पद्धत चालली असती. आधी काहवा (अरबी कॉफी), खजूर, घरच्यांची चौकशी, दराचं बोलणं तासाभराने. माल खराब निघाला तर समोर बसून आकडा ठरवायचा आणि हात मिळवायचा. लेखी कारणं मागितली असती तर उलट अपमान वाटला असता. फक्त रमजानमध्ये घाई करायची नाही, आणि दुबईला शुक्रवारी दुपारनंतर फोन लावायचा नाही (२०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवार अर्धा दिवस). सांगायचा मुद्दा, बाबा चुकले नाहीत, भलत्या गिऱ्हाइकाला योग्य उत्तर दिलं.

हापूसवाला

रत्नागिरीकडचा आहे. आंब्याचं उदाहरण घ्या. फळमाशीच्या भीतीने जपानने आपल्या आंब्याला दार बंद ठेवलं होतं, ते २००६ ला उघडलं. कसं? आंबा गोड आहे म्हणून नाही. उष्ण वाफेची प्रक्रिया करून अळी-अंडी मरतात हे दाखवलं तेव्हा. वर प्रक्रियेच्या ठिकाणी त्यांचा स्वतःचा तपासनीस येऊन उभा राहायचा ते वेगळंच. युरोपनेही मे २०१४ मध्ये बंदी घातली, फळमाशी सापडली म्हणून. तेव्हा आमच्यातले बरेच जण म्हणत होते, "दोन पेट्यांत सापडली तर त्या दोन फेका ना." शेवटी प्रक्रिया आणि तपासणी नीट लावून दिली, ४८ अंशांच्या पाण्यात तासभर आंबा ठेवणं वगैरे, आणि २०१५ च्या जानेवारीत बंदी उठली. फळ त्यांना नंतर बघायचं असतं, आधी तुमचं पाणी किती गरम ते बघायचंय.

वेंगुर्ल्याची_बी

सगळ्यांचे खूप आभार. चतुर्थीचा ईमेल कालच टाकला. दोन तासांत उत्तर, "कळवल्याबद्दल धन्यवाद, ऑक्टोबरमध्ये येतो." एवढंच! मी उगाच आठ दिवस झोप घालवली.

आता कारणाचं. फोटो मी, बाबा, सुपरवायझर, कुणालाच ओळखता आला नव्हता. बाबांना तर तो गोणपाटाचा तुकडा वाटत होता. काल ग्रेडिंगच्या टेबलावर फोन फिरवला. आमच्याकडची सगळ्यात जुनी मावशी फोटो बघून हसायलाच लागली. "ह्यां वळाखलास नाय? सुरंगीची कळी मां ती!"

खरंच, सुकलेली सुरंगीची कळी. मार्चमध्ये आमच्याकडे प्रत्येकीच्या अंबाड्यावर सुरंगीच्या फुलांचं वळेसर (गजरा) असतं, फॅक्टरीत शिरलं की काजूच्या वासाच्या आधी तो वास येतो.

मग सगळ्यांना बसवून 'का' विचारत गेले. कळी पडली, कारण टोपी अंबाड्याच्या वर बसते, वळेसर खाली उघडं राहतं. पडलेली दिसली नाही, कारण टेबलाचा रंग पिवळट आणि सुकी कळी काजूच्या भाजलेल्या तुकड्यासारखी. शेवटच्या तपासणीत सुटली, कारण ती तपासणी रात्री आठला, पिवळ्या बल्बखाली झाली. रात्री का? तर माल दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावा-शेव्याला निघायचा होता. एवढी घाई का? कारण त्यानंतर शिमग्याला पाच दिवस फॅक्टरी बंद. शिमगा कधी येतो हे वर्षभर आधी ठाऊक असताना ती तारीख कबूल का केली?

इथे सगळ्या बाबांकडे बघायला लागल्या. बाबा उठून बाहेर गेले.

तारीख त्यांनीच दिली होती. विचारलं तेव्हा म्हणाले होते, "होऊन जाईल."

आता प्रश्न असा, की हे शेवटचं 'का' लिहू का? टोपी आणि बल्बवर थांबले तर कागद पुरेसा जाड होतो. आणि बाबांनी चाळीस वर्षं हा धंदा 'होऊन जाईल'वरच चालवलाय, बहुतेक वेळा झालंही आहे.

एक_चाकरमानी

लिहा. पण 'वडिलांनी कबूल केलं' असं नको. 'रवानगीची तारीख ठरवताना स्थानिक सणाच्या सुट्ट्या धरल्या गेल्या नाहीत' असं लिहा. खोटं नाही आणि कुणाची मान खाली नाही. सोबत वर्षभराच्या सुट्ट्यांचा तक्ता जोडा, शिमगा, चतुर्थी, गावची जत्रा, भातलावणीचे दिवससुद्धा.

टेबलावर निळा पत्रा किंवा निळं रेक्झिन लावा. खाण्याच्या वस्तू सहसा निळ्या नसतात, म्हणून अन्न कारखान्यांत हातमोजे आणि जखमेच्या पट्ट्यादेखील निळ्या वापरतात. पांढरी ट्यूब लावा. आणि पाठवायच्या आधी कागद बाबांना दाखवा.

खाडीकाठ

आता पुढे फुलं माळायची बंदी करणार असाल. जपानसाठी आपल्या बायकांनी बोडक्या डोक्याने कामाला यायचं?

वेंगुर्ल्याची_बी

@खाडीकाठ, तुमचा टोमणा लागला, कारण मी आधी तेच ठरवलं होतं. एकजण म्हणालीच, "म्हणजे आता जपानवाले आमच्या आंबाड्यापर्यंत इले!" मग त्याच मावशीने तोड काढली. हात धुवायच्या नळाशेजारी भिंतीवर फळी ठोकायची, तिला प्रत्येकीची खुंटी. आत येताना वळेसर खुंटीला, जाताना पुन्हा डोक्यात. केळीच्या सोपाच्या दोरीत ओवलेलं असतं, ओल्या फडक्यात संध्याकाळपर्यंत टिकतं.

वेंगुर्ल्याची_बी

बारा दिवसांनी अपडेट देते, काहीजणांनी विचारलं म्हणून.

कागद गेला. दोन पानं, खुंट्यांचा, निळ्या टेबलाचा आणि ट्यूबचा तारखेसह फोटो, सुट्ट्यांचा तक्ता. बाबांना दाखवला तेव्हा चष्मा लावून दोनदा वाचला. सुट्ट्यांचं वाक्य आलं तिथे थांबले, पेन मागितलं. मला वाटलं खोडतात. त्यांनी तक्त्यात एक तारीख वाढवली, सातेरी देवीच्या जत्रेची. मी विसरले होते. मग सही केली.

सवलतीबद्दल त्यांनी कळवलंय की ती नको, मूळ बिलच धरलंय. पुढची ऑर्डर अजून लेखी आलेली नाही, त्यामुळे मी ती आली असं म्हणत नाही (@एक_चाकरमानी, शिकले बघा). जास्तीची बी गोदामात आहे आणि पावसाळी ओलाव्याची धास्ती आहेच.

पण काल नवीन ईमेल आलाय. कागद आवडला म्हणतात. फक्त एक शंका आहे. सकाळी खुंटीवर किती वळेसरं लागली आणि संध्याकाळी किती परत नेली, याची नोंद ठेवता का?

मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सुरंगी आता थेट फेब्रुवारीत, तोपर्यंत अबोली मोजूया. वही आणलीय. पहिला रकाना तिनेच भरला: आत सतरा, बाहेर सतरा.