कॅमेरा चार्ज होतो, पण संगणकावर दिसत नाही

प्रश्न : माझ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात आईच्या पंचाहत्तरीचे सुमारे ३०० फोटो आहेत. केबल जोडल्यावर दिवा लागतो, बॅटरीही चार्ज होते, परंतु विंडोज १० असलेल्या घरच्या संगणकावर कॅमेऱ्याचे नावच येत नाही. मूळ केबल हरवल्यामुळे मी एका जुन्या स्पीकरची केबल वापरत आहे. फोटो जातील की काय, अशी धास्ती वाटते.

उत्तर १ : ताई, मला संशय त्या केबलचाच येतो. यूएसबी २.० केबलमध्ये विजेच्या दोन तारांखेरीज माहिती वाहून नेणाऱ्या आणखी दोन तारा असतात. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये त्या नसल्यामुळे बॅटरी भरते, पण कॅमेरा जोडल्याचा संगणकाला पत्ताच लागत नाही. दुकानात ‘डेटा केबल’ असे स्पष्ट सांगूनच घ्यावी.

उत्तर २ : त्यानेही जमले नाही, तर कॅमेऱ्याच्या मेनूतील यूएसबी पर्याय ‘पीटीपी’वरून (फोटो पाठवण्याची एक पद्धत) ‘मास स्टोरेज’ (कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा दिसतो) असा बदलून पाहावा. मी स्वतः एसडी कार्ड काढून कार्ड रीडरमध्येच घालतो. त्याआधी कार्डाच्या कडेची बारीक खिटी ‘लॉक’कडे सरकवतो, म्हणजे चुकून काही पुसले जात नाही. संगणकाने कार्ड फॉरमॅट करायचे का, असे विचारल्यास कृपया होकार देऊ नये.

प्रश्नकर्ती : डेटा केबल आणली आणि कॅमेरा लगेच दिसला. औक्षणाचे फोटो आत्ताच उतरवून घेतले. दोघांचेही मनापासून आभार.