किट कारसाठी ब्रेकचे लवचिक होज: लांबी, आटे आणि बसवण्याचा क्रम

कॉव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी. लोटस सेव्हनच्या धर्तीची एक अर्धवट राहिलेली किट कार (सुटे भाग घेऊन स्वतः जोडायची गाडी) मी गेल्या वर्षी विकत घेतली आणि सध्या ती गॅरेजमध्ये पूर्ण करत आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि चारही चाकांचे ब्रेक पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चे आहेत. चासी आणि तिच्यावरच्या ब्रेकच्या पक्क्या नळ्या मात्र आधीच्या मालकाने बसवलेल्या आहेत. आयव्हीए तपासणीला (ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीला रस्त्यावर आणण्याआधी लागणारी मंजुरी) गाडी नेण्यापूर्वी लवचिक होजचे काम निर्दोष व्हावे अशी माझी इच्छा आहे, कारण या गाडीत माझी मुलगी माझ्या शेजारी बसणार आहे.

माझ्या तीन शंका आहेत. रबरी होज घ्यावेत की स्टीलच्या जाळीचे? दाता गाडीचे, म्हणजे एमएक्स-५ चे, मूळ होज या चासीवर पुढच्या बाजूला तोकडे पडतात, तर नव्यांची लांबी नेमकी कशी ठरवावी? आणि तिसरी, जी मला सर्वांत जास्त सतावते: आधीच्या मालकाच्या नळीचा नट मूळ होजमध्ये हाताने सहज फिरतो, पण किंचित सैल वाटतो. हे चालण्यासारखे आहे का?

जुना फिटर, लेस्टर

तिसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यानंतर येते. तो नट वापरू नका, आणि तो जोड पाहिल्याशिवाय ब्रेक ऑईल भरू नका.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या ब्रेकमध्ये ३/८ इंच यूएनएफ (इंचाच्या मापाचे बारीक) आटे असतात, तर जपानी आणि युरोपीय गाड्यांत एम-१० (१० मिमी व्यास) आणि १ मिमी पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी, आणि इंचाला २४ आटे म्हणजे पिच साधारण १.०६ मिमी. फरक इतका थोडा आहे की यूएनएफचा नट एम-१० च्या भोकात आरामात जातो, नळीचे तोंड तळाला टेकले की पाना घट्टही लागतो आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात आट्यांची पकड केवळ टोकांवर असते, आणि घाबरून जोराने पेडल दाबण्याच्या क्षणी तो जोड निसटू शकतो. व्हर्निअरने व्यास मोजा आणि पिच गेज लावून पाहा. नुसत्या हाताच्या अंदाजावर विसंबू नका.

आटे जुळले तरी नळीचे तोंड जुळायला हवे. तुमच्या माझदात एम-१० बरोबर दुहेरी दुमडलेले, ४५ अंशांच्या शंकूचे तोंड असते, तर बहुतेक युरोपीय गाड्यांत त्याच एम-१० बरोबर फुग्यासारखे गोल तोंड असते. होज मागवताना हे दोन्ही स्पष्ट लिहून द्या. माझे मत असे, की मधे अडॅप्टर लावून वेळ मारून नेण्यापेक्षा तांबे-निकेलच्या ४.७५ मिमी नळीने सगळ्या पक्क्या नळ्या नव्याने कराव्यात आणि संपूर्ण गाडीत एकच मापाचे आटे ठेवावेत. दहा वर्षांनी त्या गाडीला हात लावणाराही तुमचे आभार मानेल.

होज चाचणी, पिंपरी

मी अनेक वर्षे ब्रेक होजच्या चाचणी विभागात काम केले आहे, म्हणून पहिल्या शंकेवर लिहितो. चांगल्या बनावटीचा रबरी होज हा कमी दर्जाचा पर्याय मुळीच नाही. एफएमव्हीएसएस १०६ या अमेरिकी मानकानुसार होजने ४,००० पीएसआय, म्हणजे साधारण २७५ बार दाब दोन मिनिटे सोसावा लागतो, आणि यंत्रावर सलग ३५ तास हेलकावे देऊनही तो फुटता कामा नये. जाळीचा होज दाबाखाली कमी फुगतो, त्यामुळे पेडल थोडे कडक लागते. पण पेडल मऊ असण्याचे कारण बहुतेक वेळा आत राहिलेली हवा किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलने ब्रेक ऑईलवर दाब देणाऱ्या पंपाचे) न जुळणारे माप हे असते, आणि नवे होज त्यावरचा उपाय नव्हे.

जाळीचे घेणार असाल तर बाहेरून प्लास्टिकचे आवरण असलेलेच घ्या, कारण उघडी जाळी ज्याला घासेल त्याला कानशीसारखी कापते, मग ते विशबोन (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा दांडा) असो वा शेजारची नळी. टोके कारखान्यात दाबून बसवलेली आणि दाबाची चाचणी झालेली असावीत. घरी जोडायची टोके रस्त्यावरच्या गाडीला मी सुचवणार नाही.

लांबी मात्र टेपने सरळ रेषेत मोजू नका. पुढचे स्प्रिंग काढा, शॉक अॅब्सॉर्बर तसाच ठेवा, आणि होजच्या जाडीची एखादी साधी नळी त्या जागी तात्पुरती बांधा. मग चाक पूर्ण खाली लोंबू देऊन आणि जॅकने पूर्ण वर उचलून, दोन्ही स्थितींत स्टीयरिंग डावीकडे व उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. सर्वांत जास्त अंतर असेल तिथे ताण नको, आणि सर्वांत कमी असेल तिथे झोळ टायरला किंवा रिमला लागता कामा नये. तुमच्या प्रकारच्या गाडीत पुढची मडगार्डे चाकाबरोबर वळतात, त्यांचे लोखंडी आधार होजला घासतात का, हे विसरू नका. मडगार्ड शेवटी बसवले जाते, म्हणून ही चूक उशिरा कळते. चासीवरचे ब्रॅकेट वरच्या बॉल जॉइंटच्या जवळपास आणता आले, तर चाक वळताना होजची हालचालच कमी होते, आणि लांबी वाढवण्यापेक्षा ते कधीही बरे.

होज फुटतो तो बहुधा मध्यावर नाही, तर धातूच्या टोकाशी, जिथे लवचिक भाग ताठ भागाला मिळतो. म्हणून टोकातून बाहेर पडताच लगेच वाक देऊ नये, आणि होजला पीळ तर अजिबात पडू देऊ नये. बऱ्याच होजवर लांबीच्या दिशेने एक रेघ असते, ती बसवल्यानंतर सरळ दिसली पाहिजे.

कॉव्हेंट्रीकर

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. व्हर्निअरने मोजले: नट ९.४५ मिमी निघाला, म्हणजे यूएनएफच आहे. सगळ्या पक्क्या नळ्या काढून टाकल्या. तात्पुरती नळी बांधून पाहिल्यावर असे दिसले, की मूळ होज पूर्ण लोंबलेल्या चाकाला, स्टीयरिंग उजवीकडे असताना, सुमारे ४० मिमी तोकडा पडतो. ब्रॅकेट पुढे आणल्यावर हा फरक १५ मिमीवर आला. आता बसवण्याचा क्रम कसा ठेवावा, तेवढे सांगावे.

जुना फिटर, लेस्टर

आधी कॅलिपरची (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) बाजू. होजच्या त्या टोकाला बँजो, म्हणजे आरपार भोकाचे कडे, असते आणि ते पोकळ बोल्टने बसते. बँजो बोल्टच्या डोक्याखाली एक आणि बँजोखाली एक, अशी दोन नवी तांब्याची वॉशर लावा; जुनी वापरू नका, कारण ती एकदा दबलेली असतात. कॅलिपरवर बँजोला अडवणारा उंचवटा असेल तर त्याला टेकवून मगच बोल्ट माझदाच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळा. त्यानंतर चाक सरळ ठेवून आणि गाडी नेहमीच्या उंचीला आणून होज मोकळा लोंबू द्या, म्हणजे तो स्वतःच पीळ सोडेल, आणि तशाच स्थितीत त्याचे दुसरे टोक ब्रॅकेटमधून घ्या. लॉकनट आवळताना होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. पक्की नळी सर्वांत शेवटी, तीही दोन पान्यांनी. कॅलिपर कधीही होजवर लोंबकळत ठेवू नका.

हवा काढून झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरायला कोणालातरी बसवा, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद लावून पाहा. पेडल हळूहळू खाली गेले, तर बाहेर गळती नसली तरी मास्टर सिलिंडर तपासा. पहिल्या शंभर मैलांनंतर गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन होजवर कुठे घासल्याची चमक दिसते का, ते टॉर्चने पाहा.