तुआरेगांचं बंड म्हणायचं की उठाव?

कोरडवाहू: पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशावरचा एक लेख मराठीत करतोय. तिथले तुआरेग, म्हणजे सहारातले भटके पशुपालक लोक, १९६३, १९९०, २००६, २०१२ असे पुन्हा पुन्हा सरकारविरुद्ध उभे राहिले. मी सगळीकडे 'बंड' लिहिलं, तर मित्र म्हणतो 'उठाव' कर, बंड म्हटलंस की तू बामाकोच्या, म्हणजे राजधानीतल्या सरकारच्या बाजूने बोलतोयस. काय करू?

सई_म: मित्राचं बरोबर आहे. १८५७ला 'शिपायांचं बंड' कोण म्हणत होतं आठवा. २०१२च्या ६ एप्रिलला एमएनएलए या तुआरेग सशस्त्र संघटनेने आझवाद, म्हणजे मालीचा उत्तर भाग, स्वतंत्र जाहीर केला, मान्यता कुठल्याच देशाने दिली नाही, पण मागणी देशाची होती ना? त्याला बंड कसं म्हणायचं?

गावठाण: नाही पटत. उमाजी नाईकांचं बंड आपण अभिमानानेच म्हणतो. उठाव तर आडतीवर मालाला असतो. आमची आजी साताऱ्याकडची, ती 'पुंडाई' म्हणायची, तो शब्द मेला याचं वाईट वाटतं. आणि माझ्या मते बंड आणि भांडण एकाच मुळाचे.

सई_म: भांडणाशी ओढूनताणून जोडू नका हो, आधार द्या.

फ्रेंचवाली: ते लोक स्वतः काय म्हणतात तेही बघा की. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या दुष्काळात जनावरं मेली, तरुण पोरं कामासाठी अल्जीरिया, लिबियात गेली, त्यांना 'इशुमार' नाव पडलं, मूळ फ्रेंच 'शोमर' म्हणजे बेकार. त्यातले कित्येक गद्दाफीच्या छावण्यांत लढाई शिकले आणि १९९०मध्ये मालीतल्या मेनाका गावावर हल्ला झाला तो यांच्यातल्यांनीच केला. बेकार म्हणून पडलेलं नाव बंडखोराचं झालं, त्यांच्या गिटारच्या गाण्यांचंही. मी तरी इशुमारच ठेवेन.

गावठाण: मराठी वाचकाला इशुमार काय कळणार? 'बेरोजगार' लिहा.

सई_म: बेरोजगार फारसी आहे, मग फ्रेंचनेच काय घोडं मारलंय? शिवाय बेरोजगार म्हटलं की बंदूक, गाणी, वाळवंट सगळं गळून जातं.

कोरडवाहू: अहो, बंड की उठाव? १९९६ला मालीतल्या टिंबक्टू शहरात बंडखोरांची सुमारे तीन हजार हत्यारं जाळली, त्या परिच्छेदात 'बंड शमलं' लिहिलंय, उठाव शमतो का?

फ्रेंचवाली: शमतो की. पण आधी 'तुआरेगांचं' तपासा, अरबीत तुआरेग हेच अनेकवचन आहे, एकटा माणूस तार्गी.

गावठाण: मग 'तार्ग्यांचं' म्हणा, मावळ्यांचं म्हणतो तसं. ऐकायलाही मराठी वाटतं.

सई_म: मुळीच नाही. ते स्वतःला केल तामाशेक म्हणतात, तामाशेक बोलणारे. तेच लिहा.