नखांचे पापुद्रे सुटतात, घरगुती उपाय हवेत (पोळ्यांचं काम आहे, नेलपॉलिश चालणार नाही)

पोळपाट_लाटणं:

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीला राहते, घरूनच पोळीभाजीचे डबे देते. पहाटेपासून दुपारपर्यंत हात एकतर कणकेत नाहीतर पाण्यात. गेल्या पावसाळ्यापासून नखांनी वैताग आणलाय. मोडतात म्हणावं तर तसं नाही. टोकाशी कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटतात. ते पदराच्या धाग्यात अडकतात आणि ओढले गेले की पार मांसापर्यंत चिरतात. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं सगळ्यात वाईट. डाव्या हाताला कमी. पायाची नखं मात्र ठणठणीत आहेत, नेलकटरला दाद देत नाहीत.

मुख्य काळजी ही की एखादा तुकडा कणकेत गेला तर? लोकांच्या पोटात जाणारं अन्न आहे. म्हणून नखं अगदी बारीक कापते, तरी पापुद्रे सुटतातच.

आत्तापर्यंत रात्री खोबरेल लावून झालं, लिंबाची फोड चोळून झाली. सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी पडलंय. औषधाच्या दुकानातल्या मुलाने तर न विचारताच कॅल्शियमची बाटली पुढे केली. वय ४४. थायरॉइड कधी तपासलेला नाही.

विचारायचं असं की तेल कुठलं लावू, एरंडेल की खोबरेल? लसूण चोळतात म्हणे, त्याने फरक पडतो का? आणि ती बायोटिनची (एक ब जीवनसत्त्व) गोळी खरंच घ्यावी का? शक्यतो स्वयंपाकघरातलेच उपाय सांगा.

एरंडाचं_पान:

एरंडेलच! आमच्याकडे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या नखांना एरंडेल. फार चिकट वाटलं तर निम्मं खोबरेल घाला. मेंदीही लावून बघा, नखं दगडासारखी होतात.

कोरडा_टॉवेल:

ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. पायाची नखं ठणठणीत आणि हाताची सुटताहेत, म्हणजे दोष बहुतेक बाहेरचा आहे. आतून काही कमी असतं तर सहसा पायानेही थोडीफार तक्रार केली असती. शिवाय ज्या हाताने घासणी धरता त्याच हाताचं जास्त, हेही जुळतंय.

नख म्हणजे केराटिन नावाच्या टणक प्रथिनाचे थरावर थर चिकटवलेले असतात. पाण्यात ते पाणी पिऊन फुगतात, वाळले की आकसतात. दिवसातून अनेकदा हे झालं की थरांमधली पकड सुटते. त्यात भांड्यांचा साबण नखातला उरलासुरला स्निग्धांश काढून नेतो. म्हणजे नुसतं पाणी किंवा नुसता कोरडेपणा हा चोर नाही, पुन्हा पुन्हा भिजणं आणि वाळणं हा आहे. कणीक मळण्याने होतंय असं मला वाटत नाही. मळून झाल्यावर दर वेळी साबणाने खसाखसा धुता ना, ते बघा.

तेलाबद्दल: कुठलं यापेक्षा कधी हे जास्त महत्त्वाचं. वाळलेल्या नखावर तेल नुसतं वर बसतं. हात धुऊन टिपले की नख जरा ओलसर असतानाच लावा, म्हणजे आतलं पाणी आत अडकतं. नखाच्या मुळाशी, कडेच्या कातडीला आणि टोकाच्या खालच्या बाजूलाही. काम चालू असताना पोळीला लावायचं तेल किंवा तूप लावा, वास नाही आणि खायला चालणारं. रात्री काहीही चालेल. एरंडेल घट्ट असल्याने जास्त वेळ टिकतं, एवढाच त्याचा मोठेपणा.

लिंबू बंद करा. आम्लाने नख आणखी कोरडं पडतं, आणि चिरलेल्या कडेला झोंबतं ते वेगळंच. लसूण तर अजिबात नको. कच्च्या लसणाने कातडी चक्क भाजते, फोड येतात. तुम्ही तशीही रोज सोलतच असाल, आणखी चोळायची काय हौस!

एरंडाचं_पान:

मेंदीचं पण बोला की.

कोरडा_टॉवेल:

मेंदीचा रंग केराटिनला घट्ट धरतो, म्हणून तळव्यावरून गेला तरी नखावर महिनोन्‌महिने दिसतो. रंग टिकला म्हणजे नख जाड झालं असं नाही. हौस म्हणून लावायची तर साधी पानांची लावा. काळी मेंदी म्हणून जी मिळते तिच्यात बहुधा केस रंगवायचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी वाईट असते.

पांढरा_कोट_नसलेला:

कॅल्शियमचा गैरसमज एकदाचा जाऊ दे. नखात कॅल्शियम नाममात्र असतं, त्याचा टणकपणा केराटिनमुळे. नखावरचे पांढरे ठिपकेही बहुतेक वेळा कुठेतरी आपटल्याचे असतात, कॅल्शियमचे नव्हेत. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्या, नखांसाठी नको.

बायोटिन: ठिसूळ नखांवर रोज २.५ मिलिग्रॅम देऊन काही अभ्यास झालेत, थोडा फायदा दिसला, पण अभ्यास छोटे होते. दुकानात १० मिलिग्रॅमच्या गोळ्याही सर्रास मिळतात. दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत. जास्त बायोटिन पोटात असेल तर रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. थायरॉइडची येते, आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनचीसुद्धा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तुम्हाला थायरॉइड तपासायचाच आहे, तर आधी तपासा आणि गोळीचं नंतर बघा.

आणि नैसर्गिक हवं हे ठीक आहे, पण साधी पेट्रोलियम जेली रात्री लावलीत तर निसर्ग रागावणार नाही. स्वस्त आहे आणि काम करते.

हळीव_लाडू:

बाहेरचा दोष हे पटलं, तरी एक विचारते. दमायला होतं का? जिना चढताना धाप, केस गळणं, पाळी जास्त जाणं? चाळिशीत आपल्याकडच्या बायकांना लोह कमी असणं काही नवीन नाही. नख मध्यभागी खोलगट होऊन त्यावर पाण्याचा थेंब ठरत असेल तर ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. हिमोग्लोबिन बरं दिसतं आणि साठा रिकामा असतो, असं होतं.

खाण्यात हळीव, खजूर, कडधान्यं, पालेभाजी, आणि त्यावर लिंबू पिळा (नखावर नाही, पानात!). जेवणावर लगेच चहा नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. पोळ्या लाटता लाटता चहाचे घोट चालू असतात, हे मला माहीत आहे. मीही त्यातलीच.

पोळपाट_लाटणं:

सगळ्यांचे आभार. धाप वगैरे नाही, पण चहाचं बरोब्बर ओळखलंत. नखं खोलगट नाहीत. रक्त तपासून घेते.

आता अडचण. रबरी हातमोजे घालून बघितले होते, आत घाम येऊन बोटं पांढरी पडतात. आणि आत्ता जे पापुद्रे सुटलेत त्यांचं काय करू? ओढून काढायचा फार मोह होतो.

कोरडा_टॉवेल:

ओढू नका, खालचा चांगला थरही सोबत येतो. बारीक एमरी बोर्ड (नखं घासायची खरकागदासारखी पट्टी) घ्या, पत्र्याची खरखरीत फाइल नको. कोरड्या नखावर टोकाची कड एकाच दिशेने हलकेच घासा, पुढेमागे करवतीसारखं नाही. पापुद्रा गुळगुळीत झाला की अडकणार नाही आणि कणकेत जायची भीतीही जाईल. कापायचं मात्र आंघोळीनंतर, नख मऊ असताना. टोकाला कोपरे न ठेवता जरा गोलसर ठेवा. नखाच्या कडेची कातडी कापू नका, ती राहिली तर नखुरडं व्हायची शक्यता कमी.

हातमोज्यांच्या आत पातळ सुती मोजे घाला, घाम ते शोषतात. दोन-तीन जोड्या ठेवा आणि ओलसर झाले की बदला. घाम साचू दिला तर मोजे घालून उपयोग शून्य. मळताना-लाटताना घालायची गरज नाही, फक्त भांडी आणि ओट्याची पुसापुसी. जमलं तर मध्ये मध्ये चार भांडी घासण्याऐवजी सगळी साठवून एकदाच घासा. पीठ हाताला चिकटलं तर आधी कोरड्या पिठाने चोळून काढा, साबण कमी लागेल.

लगेच फरक शोधू नका. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहाएक महिने. आज टोकाशी जे सुटतंय ते काही महिन्यांपूर्वीचं नख आहे. मुळाकडून येणारं कसं दिसतंय ते बघत राहा.

पांढरा_कोट_नसलेला:

भर घालतो. नख पिवळट पडून जाड होणं, खालच्या मांसापासून सुटणं, कडेला सूज-पू, किंवा एकाच नखावर काळी उभी रेघ येऊन रुंद होत जाणं, यातलं काही दिसलं तर तेल-तूप बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. सावळ्या रंगाच्या माणसांत बऱ्याच नखांवर फिकट काळ्या रेघा असणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. एकट्या, नव्या आणि वाढत्या रेघेचं म्हणतोय. बुरशी असेल तर तीही घरच्या उपायाने सहसा जात नाही.

पोळपाट_लाटणं:

काळी रेघ नाही. रक्ताला उद्याच जाते. कॅल्शियमची बाटली अजून फोडलेली नाही, परत घेतात का बघते. हातमोजे मात्र माझ्या मापाचेच घेऊ ना?

कोरडा_टॉवेल:

एक माप मोठे घ्या, नाहीतर आतला सुती मोजा बसत नाही. आणि मनगटाच्या वर येतील एवढे लांब, म्हणजे पाणी आत जाणार नाही.