मागचा गुडघा वाकलेलाच ठेवायचा का?

तिरपा चेंडू (धागाकर्ता)

'बॅकस्विंगमध्ये (फटक्याआधी काठी मागे नेताना) उजवा गुडघा जसा वाकलेला आहे तसाच ठेवा, हलवू नका.' उतारवयात गोल्फ शिकायला गेलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं. माझं म्हणणं असं की दिवसभर खुर्चीत बसून कंबर आखडलेल्या माणसाला हा सल्ला देऊच नये. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

गणित बघा. पुस्तकी बॅकस्विंगमध्ये खांदे साधारण 90 अंश वळतात आणि कंबर 45. उजवा गुडघा अडकवून ठेवला की उजवा खुबा मागे जायला जागाच राहत नाही. कंबर वीस-पंचवीस अंशांवर थांबते आणि उरलेलं सगळं वळण मणक्याच्या माथी येतं. कमरेचे मणके वाकण्यासाठी आहेत, पिळण्यासाठी नाहीत. पिळायचं काम छातीच्या मणक्यांचं, आणि आपल्या वयात तेच आधी आखडतात. मग एकतर पाठ धरते, नाहीतर खांदे न वळता नुसते हात वर जातात आणि चेंडू स्लाइस होऊन (उजवीकडे वळत जाऊन) शेजारच्या फेअरवेवर, म्हणजे शेजारच्या खेळपट्ट्यावर.

हे खूळ आलं कुठून? 1992 मध्ये जिम मॅक्लीन यांनी 'एक्स-फॅक्टर' मांडला: खांदे आणि कंबर यांच्या वळणातला फरक जितका मोठा, तितका फटका लांब. म्हणून कंबर अडवा, गुडघा धरून ठेवा. निरीक्षण होतं व्यावसायिकांचं, गळ्यात पडलं क्लबातल्या काका लोकांच्या. त्याआधीचे दिग्गज बॉबी जोन्स घ्या, जॅक निकलॉस घ्या. डावी टाच खुशाल उचलायचे, कंबर मोकळी वळू द्यायचे. निकलॉसने 18 मेजर (सर्वात मानाच्या स्पर्धा) जिंकल्या, त्यातली शेवटची ऑगस्टाची मास्टर्स 1986 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी.

तेव्हा उजवा पाय थोडा सरळ होऊ द्या, डावी टाच उचलली जात असेल तर जाऊ द्या. बोला.

पाचनंबरी आयर्न

तिरपेकाका, कागदावर ठीक आहे. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) उभं राहून बघा काय होतं ते.

'थोडा सरळ' म्हटलं की नव्वद टक्के लोक गुडघा खाडकन कुलूपबंद करतात. उंची वाढते, डोकं वर जातं, खुबा मागे वळण्याऐवजी उजवीकडे बाहेर सरकतो. आता खाली येताना तीच उंची परत कमी करायची, तीही क्षणभरात. जमलं नाही की चेंडूच्या चार बोटं मागे माती उडते. घाबरून वर उठलात की टॉप, म्हणजे चेंडूच्या नुसत्या डोक्याला काठी लागते. मग कॅडी (काठ्यांची पिशवी उचलणारा) म्हणतो, 'साहेब, डोकं उचललं.' डोकं कुठलं, गुडघा!

जात्याला खुंटा लागतो तसा स्विंगला उजवा पाय. खुंटाच हलला तर दळणार काय?

आणि निकलॉसचं नाव घेताय म्हणून सांगतो. त्याचे गुरू जॅक ग्राउट यांनी पोरवयात त्याला आधी दोन्ही टाचा जमिनीवर ठेवून खेळायला लावलं होतं. घोटे आतल्या आत कसे फिरवायचे ते अंगात मुरल्यावर टाच उचलली गेली. तुम्ही थेट शेवटच्या पानावरून सुरुवात करताय.

तिरपा चेंडू

@आयर्न, कुलूपबंद करा असं मी कुठे म्हटलं? वाक थोडा कमी होऊ द्या, एवढंच. बसल्या जागेवरून उठून आत्ता करून बघा: दोन्ही गुडघे वाकवून कंबर उजवीकडे वळवा. आता उजवा गुडघा किंचित सैल सोडून तेच करा. फरक लगेच कळेल.

तुमच्या खुंट्याचं म्हणाल, तर 2007 मध्ये 'स्टॅक अँड टिल्ट'वाल्या बेनेट आणि प्लमर यांनी उजवा पाय मुद्दाम सरळ होऊ देणारी अख्खी पद्धतच मांडली. त्यात डोकं हलत नाही, वजन उजवीकडे पळत नाही. म्हणजे गुडघा सरळ झाला की माणूस सरकतोच, हे काही खरं नाही.

ग्राउट यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण तो मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता हो! त्या वयाचे खुबे आणा, मीही टाचा टेकवून खेळतो.

फिजिओ वहिनी

दोघेही उजव्या गुडघ्यावरून भांडताय, आणि दवाखान्यात येतो तो डावा.

ज्यांचा गुडघा बदलला आहे अशा लोकांच्या कृत्रिम सांध्यात सेन्सर बसवून मोजमापं झाली आहेत. गोल्फ स्विंगमध्ये पुढच्या, म्हणजे डाव्या गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या चौपटीहून जास्त भार आला, मागच्यावर तिपटीच्या आसपास. माणूस 75 किलोचा असेल तर डाव्या गुडघ्याचा हिशोब तीनशे किलोंच्या पुढे जातो. नुसत्या उभ्या दाबाचं एवढं दुखत नाही. दुखतं ते पिळामुळे. गुडघा मुळात बिजागरी. गोल फिरायचं काम खुब्याचं. पाऊल जमिनीला चिकटलेलं, वर कंबर गरकन डावीकडे फिरतेय, मध्ये सापडला गुडघा. आतली गादी अशीच फाटते.

तीन गोष्टी करा. डाव्या पायाचा पंजा उभं राहतानाच बाहेर वळवून ठेवा, वीस-तीस अंश. फॉलो-थ्रूमध्ये (फटक्यानंतर) पाऊल थोडं फिरलं, बाहेरच्या कडेवर गेलं तरी त्याला धरून ठेवू नका. आणि रेंजवरच्या रबरी मॅटवर नवे स्पाइक (खिळ्यांचे बूट) घालून चेंडूंच्या बादलीमागून बादली मारू नका. गवतावर बूट थोडा तरी सुटतो, मॅट पाऊल सोडत नाही.

बाकी तिरपेकाकांशी सहमत, फक्त एक अट: आधी खुबा तपासा. मांडी घालून जमिनीवर आरामात बसता येत नसेल, तर तुमचा प्रश्न गुडघ्याचा नाहीच.

अठरावा होल

वहिनींनी डाव्या गुडघ्याचं काढलंच आहे तर टायगर वूड्सला कसं विसरता? 2008 ची यूएस ओपन, टोरी पाइन्स. डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला, नडगीच्या हाडाला तडे, आणि गडी 91 होल खेळून रोको मीडिएटला हरवतो. लगेच शस्त्रक्रिया, उरलेला हंगाम घरी. लिगामेंट आधीच्या वर्षी पळताना तुटला होता, सगळं पाप स्विंगचं नाही. पण फटक्याच्या क्षणी डावा पाय झटक्यात ताठ करायची त्याची जुनी लकब गुडघ्याला काही सुख देत नव्हती.

आणि काका, तुमचे लाडके निकलॉस! मोकळी कंबर, उचललेली टाच, सगळं करून 1999 मध्ये खुबा बदलावा लागलाच की. मग मोकळ्या कंबरेने काय वाचवलं?

तिरपा चेंडू

@अठरावा, जवळजवळ आयुष्यभर स्पर्धा खेळून साठीच्या उंबरठ्यावर एक खुबा गेला, आणि त्यानंतरही माणूस खेळत राहिला. टायगरची तिशी उलटत होती तेव्हा त्याच गुडघ्यावर चौथ्यांदा चाकू चालला. यातलं काय हवं ते निवडा. (दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. सुरुवात तुम्ही केलीत.)

हिरवळीवरची

स्कॉटी शेफलरचं कोणीच कसं बोललं नाही? फटका मारताना त्याचा उजवा पाय अक्षरशः घसरत मागे जातो, दोन्ही पावलं नाचतात. एखाद्या क्लबात नवशिक्याने असं केलं तर शिकवणारे कपाळाला हात लावतील. त्याने 2022 आणि 2024 ची मास्टर्स जिंकली, 2025 मध्ये पीजीए आणि ओपन. पाय कुठे जातात यापेक्षा काठीचं तोंड चेंडूवर कसं येतं ते बघा ना.

आम्ही बायका तर बहुतेक टाच उचलूनच खेळतो, कुणी अडवत नाही. हे 'हलू नका' पुरुषांनाच जास्त ऐकवतात, असं माझं निरीक्षण.

पाचनंबरी आयर्न

@हिरवळीवरची, शेफलरला शेफलरच राहू द्या. त्याचा तोल आपल्याकडे नाही.

काका, भांडण मिटवायचं असेल तर उजव्या खुब्याच्या बाहेर, चार बोटांवर, छत्री रोवा. तुमच्या पद्धतीने गुडघा सैल सोडून बॅकस्विंग करा. खुबा छत्रीला न लागता मागे गेला तर तुमचं खरं. छत्री पडली तर महिनाभर वाकलेल्या गुडघ्याने खेळायचं. व्हिडिओ टाका, आणि मागून काढलेला हवा. समोरून सगळेच सरळ दिसतात.

तिरपा चेंडू

मंजूर. रविवारी सकाळी. फटका मात्र सात नंबरच्या आयर्नचा मारणार, ड्रायव्हरचा (सर्वात लांब काठीचा) नाही.