पत्रा फोडून काळा दगड आत आलाय, आता काय करू?

पागोळी
काल पहाटे पावणेतीनच्या सुमारास मागच्या अडगळीच्या खोलीवर धाडकन आवाज झाला. फांदी पडली असेल म्हणून मी उठले नाही. सकाळी दार उघडलं तर पत्र्याला मुठीएवढं भोक, खाली कोब्यात खळगा, आणि काळ्या दगडाचे दोन मोठे तुकडे. बाजूला चुरा. बाहेरून कोळशासारखा काळा, तुटलाय तिथे राखाडी, आणि त्यात बारीक चमचम. जवळपास खाण नाही, उंच इमारत नाही.

मुलगा म्हणतो धुऊन बघू. दीर लोहचुंबक घेऊन आलेत. मी दोघांना थांबवून दाराला कडी घातली आहे. दिरांचं म्हणणं, दगड गार होता आणि काही जळलेलं नाही, म्हणजे आकाशातला नाही. खरं आहे का? हात लावणं धोक्याचं आहे का? कळवायचं कुणाला, आणि तो आमच्याकडे राहील का?

खडकवेडी
ताई, कडी घातलीत हे फार चांगलं केलंत. ती तशीच राहू द्या.

मी बरीच वर्षं खडकांचे नमुने हाताळण्याचं काम केलं. "आकाशातला दगड" म्हणून लोक आणायचे ती बहुतेक वेळा धातू वितळवण्याच्या भट्टीतली मळी असायची. मळीत बुडबुड्यांची भोकं असतात, अशनीत, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडात, ती जवळजवळ कधीच नसतात. तुमचं वर्णन वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गार असण्याचं आधी. अशनी पेटती येऊन पडते हा समज चुकीचा आहे. हवेत तिचं तेज काही सेकंदच टिकतं. तेवढ्यात वरचा थर वितळून उडून जातो आणि आतला दगड अवकाशात होता तसाच थंड राहतो. शेवटचे वीसेक किलोमीटर ती न पेटता नुसती खाली पडते. त्यामुळे गार दगड, न जळलेली खोली, हे सगळं जुळतं.

आता चुंबक. दिरांना कृपा करून सांगा, अजिबात जवळ नेऊ नका. दगडात जन्मापासूनचं क्षीण चुंबकत्व साठलेलं असतं. त्यावरून ग्रहमाला घडताना तिथलं चुंबकीय क्षेत्र कसं होतं हे कळतं. एक जोरदार चुंबक टेकवला की ती नोंद कायमची पुसली जाते. पाण्याचंही तसंच. आतले काही क्षार विरघळतात, लोखंडाचे कण गंजू लागतात. एका गृहस्थांनी तारेच्या ब्रशने घासून, तेल लावून चकचकीत केलेला दगड मला आणून दिला होता. वरचं काळं कवच, म्हणजे जे सर्वांत आधी पाहायचं तेच, गेलेलं. तो दिवस मी विसरलेले नाही.

हातमोजे घाला. हलवण्याआधी बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा, भोकाचेही. मग तुकडे स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवा. चुरा वेगळा.

विंचकोंबचं उदाहरण देते. 28 फेब्रुवारी 2021 च्या रात्री इंग्लंडमधल्या या गावात एका घराच्या आवारात, गाडी लावायच्या वाटेवर अशनी पडली. 12 तासांच्या आत तिचा मोठा भाग उचलला गेला. दगड इतका ताजा हाती आला म्हणून त्यातल्या पाण्याची घडण आपल्या महासागरांच्या पाण्याशी मिळतीजुळती आहे हे खात्रीने सांगता आलं. पाऊस आधी आला असता तर तो पुरावा बिघडला असता.

दुर्बिणवाला
एक खबरदारी माझ्याकडूनही. हे दगडाबाबत नाही, पण हा धागा वाचून उद्या कुणी धातूची वस्तू उचलायला नको. गोळा, टाकी, कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेलं पिंप असं काही दिसलं तर लांब थांबा आणि पोलिसांना कळवा. ती अवकाशातून पडलेल्या रॉकेटची असू शकते, आणि अशा टाक्यांत हायड्रॅझिन नावाचं इंधन उरलेलं असू शकतं, ते विषारी आहे. 1978 मध्ये कॅनडात पडलेल्या कॉसमॉस 954 या सोव्हिएत उपग्रहात तर अणुभट्टी होती.

मालकीचंही वेगळं आहे. 1967 च्या अवकाश करारानुसार यानाचा तुकडा कुठेही पडला तरी तो त्याच्या मालकाचाच राहतो. नुकसान झालं तर ज्या देशाने यान सोडलं तो जबाबदार, हे 1972 च्या करारात आहे. अशनीबाबत मात्र देशागणिक कायदा बदलतो. अमेरिकेत खासगी जमिनीवर पडली तर जमीनमालकाची, डेन्मार्कमध्ये सरकारजमा करावी लागते. कुणाला विकायच्या आधी तुमच्याकडचा नियम विचारा.

पागोळी
दोघांचे आभार. बुडबुडे नाहीत, भिंगातून पाहिलं. एका तुकड्यावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे आहेत. तुटलेल्या बाजूला बारीक गोल दाणे दिसतात. काळा थर नखाएवढाही जाड नाही. हातात जड लागतो. चुंबक परत पाठवला.

खडकवेडी
हे वाचून मी खुर्चीवरून उठले. पातळ काळं कवच, अंगठ्याचे ठसे आणि ते गोल दाणे! ते दाणे म्हणजे पृथ्वी घडण्याआधी वितळून थिजलेले थेंब असू शकतात. खात्री प्रयोगशाळेतच होईल, पण उद्यापर्यंत थांबू नका. देशाच्या भूविज्ञान खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला आजच फोन करा. अवकाशातल्या किरणांमुळे दगडात काही किरणोत्सारी अणू तयार झालेले असतात. त्यातले काही थोड्याच दिवसांत संपतात, त्यांची मोजणी लवकर व्हावी लागते. तुम्हाला त्यांचा धोका नाही, प्रमाण नगण्य असतं.

आणि पत्रा फेकू नका. 1992 मध्ये अमेरिकेतल्या पीकस्किलला एका उभ्या गाडीवर बारा किलोची अशनी पडली. ती मोडकी गाडी पुढे प्रदर्शनांतून फिरली.

पागोळी
फोन झाला. उद्या सकाळी दोघे येत आहेत, खोली आहे तशी ठेवा म्हणाले. भोकावर बाहेरून प्लास्टिक बांधलंय. पत्र्याच्या फाटलेल्या कडेला काळी पूड चिकटली आहे, तिला कुणी हात लावू नये म्हणून दीर स्वतः दारात बसलेत.